उसनें गाणें आणि स्वतःचें गाणें

यंत्रमागाच्या शेजारीं ज्याचें आयुष्य गेलें आहे अशा सोलापुरकरास गोंगाट आणि ताल ह्यांतला भेद समजावून सांगावा लागत नाहीं. परगांवच्या पाहुण्याला मागाची खटखट म्हणजे कानाला नुसता त्रास वाटतो. परंतु जो रोज त्या मागापाशीं उभा राहतो त्याला त्याच खटखटींत धोट्याची ये-जा ऐकूं येते, आणि मागाची चाल किंचित् बिघडली तरी ती गोष्ट त्याच्या कानाला आधीं कळते. आज ज्या संगीताविषयीं मी बोलणार आहें, तें आपल्यापैकीं पुष्कळांना त्या पाहुण्याच्या कानांनींच ऐकूं येत असेल. त्याचें नांव ‘हेवी मेटल’; शब्दशः अर्थ केला तर ‘जड धातु’. घरांतलीं कॉलेजांत जाणारीं मुलें कानांत यंत्र घालून तें ऐकत बसतात, तालावर मान हालवतात, आणि वडील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

ह्या वडील माणसांच्या मनांत बहुधा दोन शंका येतात, आणि त्या दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी कीं, एका बँडचें गाणें मूळ स्वरूपांत हाताशीं असतां तेंच गाणें दुसऱ्या बँडकडून पुन्हां ऐकण्याची ही हौस कशासाठीं? अशा पुनर्गायनास इंग्रजींत ‘कव्हर’ म्हणतात, आणि तोच शब्द आतां आपल्याकडेहि रूढ झाला आहे. दुसरी शंका पहिलीच्या उलट आहे. जुन्यावर एवढें प्रेम आहे, तर आवडत्या बँडची नवी ध्वनिमुद्रिका केव्हां बाहेर पडते ह्याकडे तींच मुलें चातकासारखीं कां डोळे लावून बसतात? जुन्याची पुनरावृत्ति आणि नव्याची तहान ह्या दोन गोष्टी एकाच मनांत कशा नांदतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें संगीत आहे तरी काय, तें पाहूं. त्याचा जन्म राजदरबारांत झाला नाहीं आणि संगीतशाळेंतहि झाला नाहीं. तो झाला इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें. म्हणजे भट्ट्या, ओतशाळा आणि पत्र्याचे कारखाने ह्यांच्या गांवांत. ज्या शहरानें एके काळीं गिरणीच्या भोंग्यावर आपलीं घड्याळें लावलीं त्या सोलापुरास हें गांव फारसें परकें वाटूं नये. १९६८ सालीं तेथल्या ॲस्टन भागांतील चार कामकरी घरांतल्या तरुणांनीं एक बँड काढला. पुढें त्याचें नांव ‘ब्लॅक सॅबथ’ असें पडलें. त्यांतला गिटारवादक टोनी आयोमी हा १७ वर्षांचा असतांना पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशींच यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता.

वादकाचें आयुष्य तेथें संपावयाचें. परंतु कारखान्यांतल्या त्याच्या वरिष्ठानें त्याला एक तबकडी आणून ऐकवली. ती होती जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाची. आगींत हात भाजल्यावर केवळ दोन बोटांच्या बळावर सारी सुरावट काढणारा हा कलावंत. ती तबकडी ऐकून आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून आपल्या बोटांसाठीं टोपणें घडवलीं, त्यांवर कातडें चिकटवलें आणि पुन्हां गिटार उचलली. दुखऱ्या बोटांना ताण कमी पडावा म्हणून त्यानें हलक्या तारा चढवल्या, आणि पुढें १९७१च्या सुमारास त्या तारा मुद्दाम ढिल्याहि केल्या. तार ढिली झाली कीं सूर खालीं उतरतो. हेवी मेटलचा जो खोल, जड आवाज आज जगभर ओळखला जातो त्याच्या मुळाशीं अशी एका कामगाराची जखम आहे; आणि ती जखम भरून निघाली ती दुसऱ्याचें वादन ऐकून, हेंहि आपण ध्यानांत ठेवूं.

आतां त्या खरखरीविषयीं. ह्या गिटारचा जो फाटका आवाज आपल्याला खटकतो तो यंत्रांतला बिघाड नसून मुद्दाम आणलेला गुण आहे. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर आवाज पुरवला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि मूळ आवाजांत नसलेले किंवा अगदीं मंद असलेले अनेक उपस्वर त्यांत उमटतात. अशा भरगच्च आवाजांत जवळजवळचे तीन-चार सूर एकदम वाजवले तर त्यांचा चिखल होतो. म्हणून वादक षड्ज आणि पंचम एवढीच जोडी धरतात. श्रोतेहो, आपला तंबोरा ज्या जोडीवर बोलतो तीच ही जोडी. ह्या जोडीवर आठ-दहा सुरांचा एक लहानसा तुकडा रचून तो पुनःपुन्हां वाजवावयाचा, आणि त्याच्या आधारावर ढोल व गळा ह्यांनीं आपलें काम करावयाचें. त्या तुकड्यास ‘रिफ’ म्हणतात. तबल्याच्या स्वतंत्र वादनास लेहरा धरतात, तसेंच कांहींसें हें आहे. ह्या संगीतांत वारंवार भेटणारी फ्रिजियन नांवाची स्वररचना पाहिली तर ते आपल्या भैरवी थाटाचेच सूर निघतात. तेव्हां हें संगीत आपल्या कानाला जितकें दूरचें वाटतें तितकें तें दूरचें नाहीं.

असो. आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. ब्लॅक सॅबथची पहिली सुटी तबकडी १९७०च्या जानेवारींत निघाली. हेवी मेटलच्या इतिहासाचें पहिलें पान येथें उघडतें असें मानण्यास हरकत नाहीं. त्या पानावर काय आहे? तर दुसऱ्याचें गाणें! ‘ईव्हिल वूमन’ नांवाचें तें गाणें ‘क्रो’ ह्या अमेरिकन बँडचें होतें. पुढच्याच महिन्यांत, १३ फेब्रुवारी १९७० रोजीं, त्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला. त्यांत हें गाणें आणि आणखी एक उसनें गाणें, आणि बाकीचीं स्वतःचीं. आज त्या संग्रहाचें नांव घेतलें कीं लोकांना आठवतात तीं स्वतःचींच. म्हणजे उसनें आणि स्वतःचें हीं जुळीं भावंडें आहेत, आणि तीं पहिल्या दिवसापासून एका पाळण्यांत वाढलीं आहेत.

आपल्याकडे ही रीत ह्याहून कितीतरी जुनी आहे. आपल्याच सोलापूरचे शाहीर राम जोशी ह्यांचें उदाहरण घ्या. स्वतःच्या लावण्यांनीं त्यांनीं पेशवाईंतला महाराष्ट्र डोलवला. परंतु परंपरा असें सांगते कीं पुढें ते कीर्तनाकडे वळले, आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांच्या कीर्तनांतून घरोघर पोहोंचल्या. पंडितांच्या पोथींतली रचना शाहिराच्या गळ्यांतून आली तेव्हां ती बाजारांतल्या माणसाला कळली. शब्द मोरोपंतांचे होते, ठसका राम जोशांचा होता, आणि त्या दोहोंमुळें कोणाचेंहि मोल कमी झालें नाहीं. ख्यालगायनांत तर सदारंगांच्या बंदिशी पिढ्यान् पिढ्या गाइल्या जात आहेत, आणि त्या गाणाऱ्यास कोणी नक्कल्या म्हणत नाहीं. उलट, तीच बंदिश ग्वाल्हेरवाला कशी मांडतो आणि किराण्याचा गायक कशी मांडतो, हें ऐकण्यासाठींच रसिक रात्र जागवतो.

ह्या विषयाचें सर्वांत सुबक मराठी उदाहरण म्हणजे ‘कट्यार काळजांत घुसली’ हें नाटक. १९६७ सालीं तें रंगभूमीवर आलें; संगीत जितेंद्र अभिषेकी ह्यांचें आणि खांसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे ह्यांची. त्यांतलें ‘घेई छंद’ हें एकच पद दोन घराण्यांचे प्रतिस्पर्धी दोन निराळ्या चालींनीं गातात. एकाची चाल संथ आणि चिंतनशील, दुसऱ्याची चपळ आणि आव्हान देणारी. शब्द तेच असून माणसें दोन दिसतात. कव्हर म्हणजे काय, हें एखाद्या नाटककारानें रंगमंचावर उभें करून दाखवावें, तसा तो प्रसंग आहे. पुढें २०१५ सालीं त्याच नाटकाचा चित्रपट झाला. त्यांत जुनीं पदें राहुल देशपांडे, महेश काळे, शंकर महादेवन ह्यांच्या गळ्यांतून पुन्हां आलीं, आणि शंकर-एहसान-लॉय ह्यांनीं कांहीं अगदीं नवीं गाणींहि रचलीं. प्रेक्षकांनीं काय केलें? जुन्या पदांना त्यांनीं वसंतरावांची आठवण काढीत दाद दिली आणि नवीं गाणीं गुणगुणत ते घरीं गेले. त्या वर्षींचें गायनाचें राष्ट्रीय पारितोषिक महेश काळे ह्यांना मिळालें तें त्यांतल्या एका नव्या गाण्यासाठीं. मेटल ऐकणाऱ्या आपल्या मुलाच्या मनांत जुनें आणि नवें एकत्र कसें नांदतें, असें ज्यांना वाटतें त्यांनीं त्या चित्रपटगृहांतलें स्वतःचें मन आठवून पाहावें.

मात्र एक फरक येथें स्पष्ट केला पाहिजे. बंदिशीला ‘मूळ ध्वनिमुद्रण’ असें कांहीं नसतें. सदारंग स्वतः ती कशी गात होते हें कोणाच्याहि कानीं पडलेलें नाहीं. मेटलच्या गाण्याचें मूळ रूप मात्र तबकडीवर कायमचें कोरलेलें असतें. श्रोत्याच्या कानांत तें रूप इतकें बसलेलें असतें कीं नवा बँड पहिली टीप वाजवतो न वाजवतो तोंच तुलना सुरू होते. येथें ताल दुप्पट केला, तेथें सूर एक पट्टी उतरवला, मूळ गायक जेथें ओरडला तेथें हा कुजबुजला. असा प्रत्येक बदल श्रोत्याला दिसतो, आणि त्या बदलांतच नव्या कलावंताचा स्वभाव प्रकट होतो. सोलापुरी चादर विणणारा हें चटकन् ओळखील. जकार्ड मागावर नक्षी पुठ्ठ्यांच्या भोंकांत बांधलेली असते. तेच पुठ्ठे ठेवून रंग बदला, सुताचा पोत बदला. नक्षी तीच राहते आणि चादर निराळी होते. नक्षी ओळखीची आहे म्हणूनच रंगाची करामत डोळ्यांत भरते. कव्हरच्या आवडीचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण शिक्षणाचें आहे. मेटलला गुरुकुल नाहीं. तबकडी हाच गुरु. ‘मेटॅलिका’ ह्या जगप्रसिद्ध बँडची गोष्ट ह्या बाबतींत फार बोलकी आहे. लार्स उलरिख नांवाचा एक डॅनिश तरुण १९८१ सालीं अमेरिकेहून इंग्लंडांत गेला, तो ‘डायमंड हेड’ नांवाच्या एका बँडला भेटण्यासाठीं. हा बँड बर्मिंगहॅमच्याच परिसरांतल्या स्टोरब्रिजचा. गुणी, पण फारसा यशस्वी नव्हे. लार्स त्यांच्याच घरीं कांहीं दिवस राहिला, परत गेला, आणि त्याच वर्षीं मेटॅलिकाची स्थापना झाली. १९८२च्या मार्च महिन्यांत त्यांनीं पहिला जाहीर कार्यक्रम केला, त्यांतलीं बहुतेक गाणीं उसनीं होतीं आणि त्यांत डायमंड हेडचा वाटा मोठा होता. दुसऱ्याच्या रचना वाजवतां वाजवतां ह्या मुलांना रचना म्हणजे काय हें कळलें. आणि मग त्यांनीं जें स्वतःचें निर्माण केलें त्यानें जग जिंकलें. आपल्याकडे शिष्य वर्षानुवर्षें गुरूची तान गिरवतो, ती ह्याच हेतूनें.

तिसरें कारण कृतज्ञतेचें आहे, आणि मला तें सर्वांत मोलाचें वाटतें. मोठें झाल्यावर मेटॅलिका आपलें ऋण विसरली नाहीं. १९८४ सालीं त्यांनीं डायमंड हेडचें ‘ॲम आय ईव्हिल’ हें गाणें ध्वनिमुद्रित केलें, आणि १९९८ सालीं तर ‘गॅरेज इन्क.’ नांवाचा दोन तबकड्यांचा संग्रह काढला. त्यांत एकहि गाणें त्यांचें स्वतःचें नाहीं. ह्या गाण्यांचें जें स्वामित्वधन मिळालें त्यावर आपला चरितार्थ चालूं शकला, असें डायमंड हेडचे गिटारवादक ब्रायन टॅटलर ह्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे. ज्या बँडचें नांव काळाच्या उदरांत गडप व्हावयाचें तें लक्षावधि श्रोत्यांच्या जिभेवर आलें. त्याच संग्रहांत ‘व्हिस्की इन द जार’ हें आयर्लंडांतलें जुनें लोकगीत आहे. १९७२ सालीं ‘थिन लिझी’ ह्या बँडनें तें रॉकच्या साजांत आणलें होतें, आणि तेथून तें मेटलमध्यें आलें. जात्यावरची ओवी नाटकांत यावी आणि तेथून चित्रपटांत जावी, तसाच हा प्रवास आहे.

चौथें कारण म्हणजे कव्हर ही गाण्याची परीक्षा आहे. मला ह्या संगीताची गोडी लागली ती अशाच एका परीक्षेमुळें. माझा भाचा एकदां मला म्हणाला, “मामा, तुम्हांला गिटारची खरखर सोसत नाहीं ना? मग हें ऐका.” त्यानें लावलें तें ‘अपोकॅलिप्टिका’ ह्या फिनलंडच्या वाद्यवृंदाचें वादन. चार चेलोवादकांनीं १९९६ सालीं मेटॅलिकाचीं गाणीं केवळ चेलोवर वाजवून ध्वनिमुद्रित केलीं. ढोल नाहीं, गळा नाहीं, आरडाओरडा नाहीं. आणि तरीहि त्या गाण्यांचा सांगाडा ताठ उभा राहिला. बाहेरचा गलबला दूर झाल्यावर आंत सुरावट शिल्लक उरते कीं नाहीं, हें तेथें कळलें. उलट दिशेनेंहि हें घडतें. सायमन आणि गारफंकल ह्यांचें ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हें १९६४चें कोमल गाणें ‘डिस्टर्ब्ड’ ह्या मेटल बँडनें २०१५ सालीं गाइलें, आणि मूळ रचनाकार पॉल सायमन ह्यांनीं स्वतः त्याची प्रशंसा केली. चांगलें गाणें अनेक देह धारण करूं शकतें.

आतां दुसऱ्या शंकेकडे वळूं. कव्हरमध्यें एवढा आनंद आहे, तर नव्या ध्वनिमुद्रिकेची ओढ कशासाठीं? ह्याचें उत्तर असें कीं, कव्हर श्रोत्याला सांगतें आपण कोठून आलों. आणि नवें गाणें सांगतें आपण अजून जिवंत आहों. आवडत्या बँडचा श्रोता त्याच्याबरोबर वाढत असतो. त्याचें वय, त्याच्या चिंता, त्याचा काळ बदलतो. ज्या आवाजानें आपल्या विसाव्या वर्षीं आपल्याशीं हितगूज केलें तो आवाज आपल्या चाळिसाव्या वर्षीं काय म्हणतो, हें ऐकावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. त्यांत धाकधूकहि असते. नवें जर हुबेहूब जुन्यासारखें निघालें तर श्रोता म्हणतो, ‘ह्यांचें संपलें’. आणि अगदींच वेगळें निघालें तर म्हणतो, ‘हे आपले राहिले नाहींत’. मेटॅलिकानें १९९१ सालीं आपली चाल संथ आणि सुटसुटीत केली तेव्हां नवे श्रोते अगणित मिळाले, पण अनेक जुने चाहते रुसले ते रुसलेच.

‘आयर्न मेडन’ ह्या इंग्रजी बँडनें ह्या ओढाताणीचा सरळ सामना केला. २००६ सालीं त्यांचा नवा संग्रह निघाला, आणि त्या वर्षींच्या दौऱ्यांत त्यांनीं तो संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. जुनीं गाणीं ऐकावयास आलेल्या पुष्कळांची निराशा झाली. परंतु बँडचें म्हणणें असें होतें कीं आम्ही केवळ आठवणींचें दुकान मांडलेलें नाहीं. मग पुढचा दौरा त्यांनीं १९८०च्या दशकांतल्या गाण्यांचा केला. आणि त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला तो आपल्या मुंबईंत, १ फेब्रुवारी २००८ रोजीं. एकदां नव्याचा हट्ट, एकदां जुन्याचा मान. ज्या बँडला दोन्ही साधतें तोच टिकतो.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. १९८०च्या दशकांत मुंबईंत रॉक आणि मेटल वाजवणारे तरुण निघाले, तेव्हां त्यांच्याकडून अपेक्षा एकच असे: परदेशांतलीं गाणीं जशींच्या तशीं वाजवा. ते परदेशी बँड इकडे क्वचितच येत. तेव्हां ही भूक साहजिक होती. १९८६ सालीं सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ ह्या महोत्सवाला धोबीतलावाजवळच्या रंगभवनांत तरुणांची रीघ लागे. १९८४ सालीं स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ ह्या मुंबईच्या बँडनेंहि आरंभ उसन्या गाण्यांनींच केला. परंतु १९८८ सालीं त्यांनीं स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढण्याचें धाडस केलें, आणि पुढें १९९३ सालीं ‘इंडस क्रीड’ असें नवें नांवहि घेतलें. हें धाडस लहान नव्हतें. ओळखीच्या गाण्याला टाळी तयार असते. अनोळखी गाण्याला ती मिळवावी लागते.

त्यांच्या मागून आलेली पिढी अधिक धीट निघाली. साहिल मखीजा ह्यांनीं २००० सालीं मुंबईंत ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ हा बँड काढला. २०१७ सालीं त्यांचा ‘दशावतार’ नांवाचा संग्रह निघाला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एकेक गाणें. कोंकणांतल्या दशावतारी खेळाचें नांव ज्याला ठाऊक आहे त्या मराठी माणसास ह्यांत नवल वाटेल आणि आपलेपणाहि वाटेल. दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ हा बँड तर ह्या प्रवासाचा नमुनाच होय. त्यांनीं आरंभीं लोकप्रिय गाण्यांचीं मेटल रूपांतरें केलीं. दलेर मेहंदी ह्यांचें एक गाजलेलें गाणेंहि त्यांत होतें. त्या रूपांतरांनीं लोक जमले. मग त्यांनीं ढोल आणि बासरी हातीं घेऊन हिंदी-पंजाबींत स्वतःचीं गाणीं रचलीं. २०१९ सालीं जर्मनींतल्या वाकेन येथील प्रसिद्ध मेटल महोत्सवांत ते वाजवून आले, आणि २०२२ सालीं ‘रक्षक’ हा त्यांचा स्वतःच्या रचनांचा संग्रह निघाला. कव्हर हा त्यांचा उंबरठा होता; त्यांनीं तेथेंच बिऱ्हाड केलें नाहीं.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण दुसऱ्याचें गाणें गाणें हा जसा प्रेमाचा विषय तसा तो पोटाचाहि विषय आहे. कॅसेटी स्वस्त झाल्या त्या काळांत जुन्या चित्रपटगीतांचीं नव्या गळ्यांतलीं ‘व्हर्शन’ गाणीं बाजारांत भरमसाट आलीं, आणि मूळ कवि-संगीतकारांच्या हातीं काय पडलें हा वाद वर्षानुवर्षें चालला. २०१२ सालीं आपल्या कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती झाली. आतां मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षीं झालें तें वर्ष संपल्यावर पांच वर्षें गेल्याशिवाय कव्हर काढतां येत नाहीं. आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि निदान ५०,००० प्रतींचें स्वामित्वधन भरावें लागतें. वेष्टनावर मूळ गायकाचें नांव किंवा चित्र छापतां येत नाहीं, आणि हें कव्हर आहे असें स्पष्ट लिहावें लागतें. हें सर्व न्याय्यच आहे. परंतु त्याच कलमांत अशीहि अट आहे कीं, मूळ शब्दांत किंवा संगीतांत मालकाच्या संमतीशिवाय, तांत्रिक गरज वगळतां, नवा फेरफार करतां कामा नये. म्हणजे जी हुबेहूब नक्कल कलेच्या दृष्टीनें सर्वांत दरिद्री, तिची वाट कायद्यानें सोपी केली. आणि जो फेरफार हाच कव्हरचा प्राण, त्यासाठीं मात्र मालकाचें दार ठोठवावें लागतें. ‘घेई छंद’ पदाच्या दोन चाली आठवा, म्हणजे ही अडचण किती खरी आहे तें कळेल. मूळ रचनाकाराला त्याचा वाटा पोहोंचावा, आणि नव्या कलावंताला आपली बुद्धि वापरण्यास अवसरहि मिळावा, अशी तडजोड निघणें इष्ट आहे. तोंवर तरुणांनीं निदान एवढें करावें: गाणें कोणाचें तें उघड सांगावें आणि संमति मागण्यांत कमीपणा मानूं नये.

आणि आपण श्रोत्यांनीं काय करावें? आपल्या गांवांत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होतो, तेव्हां गायकाचा आवाज तबकडीशीं तंतोतंत जुळला कीं आपण खूष होतों. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण तेवढ्यावरच जर आपली दाद संपली तर आपण त्या गायकाला जन्मभर आरसा होण्याची शिक्षा देतों. सोलापुरांतला एखादा मुलगा आपल्या खोलींत बसून आयोमीचा रिफ शंभर वेळां गिरवीत असेल, तर त्याला गिरवूं द्यावें. मराठी, कानडी आणि तेलुगु ह्या तीन भाषा ज्याच्या गल्लींत बोलल्या जातात, गड्ड्याच्या यात्रेंतली हलगी ज्याच्या कानांत लहानपणापासून घुमते आहे, त्याच्या हातून एक दिवस स्वतःचें असें कांहींतरी निघण्याचा संभव मोठा आहे. तें पहिलें गाणें ओबडधोबड असेल. त्या दिवशीं आपण ‘तें इंग्रजी गाणें वाजव ना’ असें न म्हणतां तें नवें गाणें दोनदां ऐकावें, एवढीच विनंती. दोनदां अशासाठीं कीं पहिल्या खेपेस कान केवळ अनोळखीपणाशीं झगडत असतो. गाणें ऐकूं येतें तें दुसऱ्या खेपेस.

शेवटीं पुन्हां बर्मिंगहॅमला जाऊं. ५ जुलै २०२५ रोजीं त्याच ॲस्टन भागांतल्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला. मेटॅलिका, स्लेयर, गन्स अँड रोझेस, पँटेरा असे जगांतले मोठमोठे बँड एका व्यासपीठावर आले. त्यांनीं स्वतःचीं गाणीं वाजवलीं, आणि त्यांबरोबर प्रत्येकानें ब्लॅक सॅबथचें किंवा त्यांचे गायक ऑझी ऑस्बर्न ह्यांचें गाणें आपल्या ढंगानें सादर केलें. ज्या बँडनें पहिली तबकडी दुसऱ्याच्या गाण्याची काढली होती, त्याचींच गाणीं आतां दुसरे गात होते. आजारानें पाय थकलेले ऑझी सिंहासनावर बसून गाइले. कार्यक्रमाचें उत्पन्न रुग्णालय आणि धर्मादाय संस्था ह्यांना गेलें. त्यानंतर १७ दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, ऑझी वारले.

पंचावन्न वर्षांपूर्वीं घेतलेलें उसनें त्या संध्याकाळीं व्याजासह परत आलें. आपल्या घरांतल्या मुलाच्या कानांतलें यंत्र पुन्हां दिसेल तेव्हां, श्रोतेहो, त्याला एवढेंच विचारून पाहा: “हें गाणें मूळ कोणाचें रे?” आणि त्यानें सांगितलें कीं पुढें विचारा: “आणि तुझें केव्हां?”